दोन इंच माया



माझे अब्बा शिंपी होते. आमच्या तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं आठ बाय दहाचं दुकान होतं. पायाने चालवायचं एक मशीन, कापड बेतायचं एक टेबल, खुंट्यांवर लटकलेले तयार कपडे आणि टेबलाच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही. ती मापाची वही. अब्बा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, त्यामुळे वहीही मराठीतच. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, मुंढा असे आकडे ओळीने लिहिलेले असत. आणि आकडे संपले की शेवटी बारीक अक्षरात एखादा शेरा. 'डावा खांदा उतरता.' 'चष्म्यासाठी वरचा खिसा खोल.' 'पोरगा वाढतोय, दोन इंच माया ठेवणे.'

शिवणकाम करणाऱ्यांना 'माया' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. उद्या माणूस सुटला, वाढला, तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून ती सोय. लहानपणी मला हा शब्द ऐकून गंमत वाटायची. आता अब्बा नाहीत, दुकान नाही. वही मात्र माझ्याकडे आहे. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका नव्या प्रकारच्या कलेबद्दल. पण ती कला मला समजली ती या वहीमुळे, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

माझी भाची कलाशाळेत शिकते. मागच्या उन्हाळ्यात ती सुटीला आली आणि म्हणाली, "मामू, तुम्हाला एक चित्र दाखवते. पण ते चित्रकाराने काढलेलं नाही." तिने मोबाइलवर दाखवलं ते असं : संग्रहालयाची एक मोठी खोली, चारी भिंती पांढऱ्या स्वच्छ. आत येणाऱ्या माणसाला तिथला रखवालदार भिंतीला टेकून उभं करतो, डोक्याच्या उंचीवर काळ्या पेनाने एक रेघ मारतो आणि शेजारी त्या माणसाचं नाव आणि तारीख लिहितो. बस्, एवढंच. ही कल्पना रोमान ओंडाक नावाच्या स्लोव्हाकियातल्या कलावंताची. २००७ साली त्याने ती पहिल्यांदा मांडली आणि तिला नाव दिलं 'मेझरिंग द युनिव्हर्स', म्हणजे विश्वाचं मोजमाप. पुढे २००९मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही ती खोली उभी राहिली.

पहिल्या दिवशी भिंतीवर दहा-वीस नावं असतात. ती वाचता येतात. हळूहळू शेकडो होतात, मग हजारो. रेघांवर रेघा, नावांवर नावं. शेवटी खोलीभर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक जाड काळा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यातलं एकही नाव वाचता येत नाही. वाचता येतात ती कोणाची? अगदी खाली, गुडघ्याएवढ्या पोरांची आणि वर, ताडमाड उंच माणसांची. मधले सगळे त्या काळ्या पट्ट्यात विरघळून गेलेले.

मी ते बघून बराच वेळ गप्प बसलो. आपण शाळेत आलेख काढायचो, मधोमध फुगलेला आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेला. इथे तो आलेख माणसांनी स्वतःच्या डोक्यांनी काढला होता. आणि कलावंताने काय केलं? काहीच नाही. त्याने फक्त जागा दिली आणि नियम ठरवला. या कलेचं वैशिष्ट्यच हे, की बघणारा आल्याशिवाय ती पुरी होत नाही. चित्राकडे आपण बघतो. इथे आपण चित्रात जमा होतो. आधी एक माणूस म्हणून आणि मग एक आकडा म्हणून.

भाची म्हणाली, "मामू, आपण करायचं का?"

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाची भिंत पावसाळ्यानंतर रंगवायची होतीच. ग्रंथपालबाईंनी समितीला विचारलं. समिती म्हणाली, पेनाने नको, पेन्सिलीने करा. सुटीच्या शिबिरात पहिली ते पाचवीची मुलं होती. ती आनंदाने रांगेत उभी राहिली. पहिल्याच मुलीने विचारलं, "चाचा, नुसतं नाव लिहायचं की आडनावपण?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आमच्यासारख्या गावात आडनाव कळलं की गल्ली कळते आणि गल्ली कळली की बाकीचं काही विचारावं लागत नाही. ओंडाकच्या भिंतीवर नुसतं पहिलं नाव होतं. मी म्हटलं, "नुसतं नाव." एक निवृत्त गुरुजी तिथे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "आडनावाशिवाय माणूस म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट." त्यांनी स्वतःच्या रेघेपुढे स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. आम्ही लिहू दिलं. ज्याला जसं ओळखलं जायचंय, तसं त्याने लिहावं. बाकी सगळ्यांची नुसती नावं. भिंतीवर समीर तीन ठिकाणी आला आणि साहिल दोन ठिकाणी. त्यातला कुठला समीर कुठल्या गल्लीतला, हे भिंत बघून कोणालाच सांगता येईना. मुलं त्यावरून खूप हसली. मला मात्र फार बरं वाटलं.

आठवडाभरात दोनशेच्या वर रेघा झाल्या. मुलांबरोबर त्यांचे आईबाप आले, पेपर वाचायला येणारे आले, चहा घेऊन येणारा पोऱ्याही उभा राहिला. आमच्या भिंतीवर मात्र एक पट्टा तयार झाला नाही, दोन झाले. खाली मुलांचा, वर मोठ्यांचा आणि मध्ये जवळजवळ कोरी जागा. पाचवीतल्या एका हुशार मुलाने सगळ्या उंच्या मोबाइलवर मिळवून भागाकार केला आणि सरासरी काढली. ती आली साधारण पावणेपाच फूट. त्याने तिथे लाल खडूने रेघ ओढली आणि तो गोंधळून बघत राहिला. लाल रेघ नेमकी त्या कोऱ्या जागेतून गेली होती. तिच्या आसपास जेमतेम दोन-तीन नावं होती. मला म्हणाला, "चाचा, माझं गणित चुकलं का? ही सरासरी आहे, पण इथं तर कोणीच नाही."

गणित त्याचं बरोबर होतं.

शेवटच्या दिवशी मी अम्माला रिक्षातून घेऊन गेलो. वय ब्याऐंशी असेल. असेल म्हणतो, कारण तिची जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. भिंतीला टेकून उभी राहताना ती म्हणाली, "मेरेकू क्या मोजते रे? मैं तो घटतेच जारी." ग्रंथपालबाईंनी रेघ मारली. ती आली साडेचार फुटांवर, चौथी-पाचवीच्या मुलांच्या पट्ट्यात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अम्मा एका मुलीच्या खांद्याला खांदा लावून बघत होती, कोण उंच ते.

आता थोडा इतिहास सांगतो. सरासरी माणूस ही कल्पना फार जुनी नाही. अडॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. आकाशातल्या ताऱ्याचं स्थान मोजताना प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक होते आणि पुष्कळ निरीक्षणांची सरासरी काढली की खऱ्या स्थानाच्या जवळ जाता येतं, हे त्याला ठाऊक होतं. १८३५ साली त्याने हेच माणसांना लावलं आणि 'सरासरी माणूस' जन्माला घातला. पुढे त्याने स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापं घेऊन त्यांची मांडणी केली. ती मापं चाळीस इंचांच्या आसपास दाटीने गोळा झालेली आणि दोन्ही बाजूंना विरळ होत गेलेली. केटलेला वाटलं, निसर्गाला हाच मधला माणूस घडवायचा होता. बाकीचे आपण सगळे त्याच्या हातून झालेल्या लहानमोठ्या चुका.

ही मापं वाचताना मला अब्बांची आठवण न आली तरच नवल. त्यांच्या वहीतही छातीची मापं होती. पण त्यांना कधी वाटलं नाही, की छत्तीसच्या जागी अडतीस भरणारा माणूस ही निसर्गाची चूक आहे. चूक झालीच तर ती बेतणाऱ्याची.

आणि एक गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाला विमानातल्या वैमानिकाची जागा नव्याने आखायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. त्यातली दहा मापं त्याने निवडली, उंची, छाती, बाहीची लांबी अशी. सरासरीच्या आसपासचा चांगला ऐसपैस पट्टा धरला आणि शोधलं, दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारे किती? १९५२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. उत्तर होतं शून्य. चार हजारांत एकही नाही. म्हणजे सरासरी वैमानिकासाठी केलेली बैठक एकाही वैमानिकाला नीट बसणारी नव्हती. हवाई दलाने पुढे मागे-पुढे सरकवता येणाऱ्या खुर्च्या आणि जुळवून घेता येणारे पट्टे स्वीकारले. अब्बांच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी माया ठेवली.

इथपर्यंत उंची आणि छातीचं झालं. पण माणूस काही फक्त टेपने मोजला जात नाही. तो रकान्यांनीही मोजला जातो.

काही वर्षांपूर्वी कुठल्याशा पाहणीचा छापील अर्ज घेऊन एक तरुण आमच्या दारात आला. नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानंतरचे दोन रकाने त्याने मला न विचारताच भरले. धर्म लिहिला, तो बरोबर होता. भाषा लिहिली, उर्दू. मी म्हटलं, "अहो, विचारा तरी." तो म्हणाला, "सर, तुमच्यात उर्दूच असते ना?" मी काही बोललो नाही. आत गेलो, कपाटातून माझे तीन कवितासंग्रह आणले आणि त्याच्या अर्जावर ठेवले. मराठी विषय घेऊन मी बीए झालो. शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्यात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. शाहीर अमर शेखांनी सभा गाजवल्या त्या मराठीत. हमीद दलवाईंनी मांडायचं ते मांडलं मराठीतच. हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. बिचारा घाबरला. त्याने 'उर्दू' खोडलं आणि 'मराठी' लिहिलं. मी जिंकलो.

आतून अम्माने विचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अच्छा. फिर मैं तेरेकू कौनसी भाषा में सुलाती थी?"

श्रोतेहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. अम्मा बोलते ती दखनी. ती उर्दू नव्हे, मला उर्दूचं एक पान सलग वाचता येत नाही. आणि ती मराठीही नव्हे. मघाशी भिंतीपाशी ती काय म्हणाली ते आठवा. "मेरेकू क्या मोजते रे? मैं तो घटतेच जारी." त्यातलं 'मोजणं' मराठी आहे, 'घटतेच'मधला 'च' मराठी आहे आणि तरी वाक्य दखनी आहे. त्या पोराने माझ्यावर अन्याय केला खरा. पण तो दुरुस्त करताना मी माझ्या आईचं बोलणं खोडलं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

नंतर मी जनगणनेतली व्याख्या शोधून वाचली. मातृभाषा म्हणजे लहानपणी त्या माणसाशी त्याची आई जी भाषा बोलली ती. त्या व्याख्येप्रमाणे माझी मातृभाषा दखनी. ज्या भाषेत मी कविता लिहितो, भांडतो, हिशेब करतो आणि आता तुमच्याशी बोलतो आहे, ती मराठी. पण मनात एक भीतीही आहे. मी दखनी म्हटलं तर मराठीच्या खात्यातून एक माणूस कमी होईल. आणि इथल्या मुसलमानांचा मराठीशी काय संबंध, असं विचारणारे आहेतच. त्यांच्या हातात मीच आणखी एक आकडा दिला असं व्हायचं. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. एका रकान्यात एकच शब्द मावतो, हीच अडचण.

ही अडचण रंगभूमीवर मांडणारा एक प्रयोग जर्मनीत झाला. 'रिमिनी प्रोटोकॉल' नावाची तिथली नाटकमंडळी आहे. २००८मध्ये बर्लिनमधल्या एका नाट्यगृहाला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यांनी 'शंभर टक्के बर्लिन' हा प्रयोग केला. त्यात एकही नट नव्हता. बर्लिनची वस्ती तेव्हा चौतीस लाखांच्या घरात होती, म्हणून शंभर नागरिक रंगमंचावर आणले. एकेक जण म्हणजे शहराचा एक टक्का, सुमारे चौतीस हजार माणसांचा प्रतिनिधी. वय, स्त्री-पुरुष, राहण्याचा भाग, राष्ट्रीयत्व, घरातली माणसं, या सगळ्याचं प्रमाण शहराच्या आकडेवारीशी जुळलं पाहिजे अशी अट. पहिला माणूस निवडला तो संख्याशास्त्रज्ञ. त्याने दुसरा आणायचा, दुसऱ्याने चोवीस तासांत तिसरा. साखळी पुढे जाईल तसं काम अवघड होत जातं, कारण शिल्लक राहतात ते नेमक्या वयाचे, नेमक्या वस्तीतले, नेमक्या देशातून आलेले. ओळखीत अशी माणसं सापडत नाहीत.

मग रंगमंचावर प्रश्न विचारले जातात. ज्यांचं उत्तर 'मी' असेल ते एका बाजूला जातात आणि 'मी नाही' असेल ते दुसऱ्या. मृत्युदंड असावा असं कोणाला वाटतं? शंभर माणसांची पांगापांग होते आणि दोन गट पडतात. लगेच दुसरा प्रश्न येतो आणि गट मोडून नवेच तयार होतात. मघाशी माझ्या विरुद्ध बाजूला असलेला आता माझ्या शेजारी उभा. काही प्रश्न फार खासगी असतात. तेव्हा दिवे मालवतात आणि ज्याचं उत्तर 'हो' असेल तो अंधारात हातातली विजेरी लावतो. प्रेक्षकांना किती ते कळतं, कोण ते कळत नाही. हा प्रयोग पुढे जगातल्या अनेक शहरांत तिथल्या तिथल्या शंभर माणसांना घेऊन झाला.

मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे माणूस एकदाच मोजला जात नाही. प्रश्न बदलला की त्याची जागा बदलते. आपल्याकडे एखाद्याला आपण एकाच प्रश्नाने मोजतो आणि जन्मभर त्याच बाजूला उभा ठेवतो. आमच्या गावातल्या शंभर माणसांना उभं केलं आणि विचारलं, धर्म कोणता? तर मी एका टोकाला जाईन, पाच-सातांच्या घोळक्यात. पण विचारलं, घरात दमा कोणाला आहे? मुलगी पुण्याला शिकायला कोणाची आहे? पावसाळ्यात कोणाचं छप्पर गळतं? तर माझ्या शेजारी कोण कोण येऊन उभं राहील, ते मी आज सांगू शकत नाही.

पण प्रश्न विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतो, हेही बघावं लागतं. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी रस्त्याच्या खडीचा करार केला. माणूस उद्या करार नाकारील म्हणून त्याने कागदावर कोनाईच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची जी पद्धत जगभर पसरली, तिच्या मुळाशी असलेला हा एक पंजा. तो कागद लंडनला गेला. दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्हने २०११मध्ये तो ठसा पडद्यावर जिवंत केला. कोनाईचा पंजा बोटं मिटत, उघडत मोजत राहतो. ज्याला मोजलं तोच आता मोजतो आहे, एवढीच ती कलाकृती. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१०ला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं होतं. अम्माची बोटं मात्र एका यंत्रावर उमटता उमटत नव्हती. चाळीस वर्षं तिने अब्बांच्या दुकानातली काजं-बटणं केली. बोटांवरच्या रेषा सुईने आणि दोऱ्याने झिजल्या. यंत्राला तिची ओळख पटेना, कारण तिचं आयुष्य नेमकं तिथेच खर्च झालं होतं.

मग मोजणंच वाईट का? असं मी म्हणणार नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची दादही कोणी घेत नाही, हे गरिबाला चांगलं ठाऊक असतं. २००६मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, तोवर मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल आणि नोकऱ्यांबद्दल दोन्ही बाजूंनी नुसतं बोललं जात होतं. अहवालाने आकडे मांडले आणि बोलण्याला जमीन मिळाली. शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. नमुना पाहणीचं सगळं शास्त्र त्या एका म्हणीत आहे. फक्त शीत काढताना डाव खालपर्यंत फिरवायला हवा. वरवरच्या शितावर भिस्त ठेवली की तळाचा करपलेला भात कळत नाही.

भातावरून आठवलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची 'स्टॅन्स कॅफे' ही नाटकमंडळी २००३पासून एक प्रयोग करते. एका माणसासाठी तांदळाचा एक दाणा. कोरे कागद पसरायचे आणि त्यांवर वजन करून ढीग ओतायचे. इतके निर्वासित, इतके डॉक्टर, एका दिवसात जन्मलेले इतके, मेलेले इतके. लोक ढिगांमधून हिंडतात आणि आपल्याला हव्या त्या आकड्याबद्दल विचारतातही. मी हे वाचून घरी करून बघितलं. ग्रॅमला पन्नास दाणे धरले. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले मुसलमान १ कोटी २९ लाख, म्हणजे पन्नास किलोची पाच पोती आणि वर नऊ-दहा किलो. देशात मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख, म्हणजे तेहतीस पोती. आमच्या स्वयंपाकघरात मावणारे ढीग नव्हेत. म्हणून मी फक्त माझा दाणा बाजूला काढला. तो पाच पोत्यांपैकी कुठल्यातरी एका पोत्यातला. तेहतीसांतला आहे की नाही, ते ठरवायचं राहिलं होतं. अम्मा म्हणाली, "हो गया खेल? डाल वापस, धोनेकू." दाणा परत गेला आणि भाताबरोबर शिजला.

२०११नंतर जनगणना लांबत गेली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी सरकारने २०२५मध्ये जाहीर केली. कोणीतरी तुमच्या आणि माझ्या दारात येईल. ते काम करणारी बहुतेक माणसं आपल्या शाळांतले शिक्षकच असतात, उन्हातान्हात घरं पालथी घालतात. त्यांना पाणी द्या, बसायला सांगा आणि तुमचा रकाना तुमच्या तोंडून भरा. दुसऱ्याला अंदाजाने भरू देऊ नका आणि घाईने, जिंकायच्या भरात, स्वतःही चुकीचा भरू नका. जनगणनेच्या अर्जात मातृभाषेनंतर आणखी दोन भाषांना जागा असते. मी ठरवलं आहे. मातृभाषा दखनी सांगीन, कारण अम्मा खरं बोलली. पुढची भाषा मराठी सांगीन, मोठ्या आवाजात, कारण तेही तितकंच खरं आहे. कोणाला त्यातून जो पुरावा काढायचा तो काढू दे. माझी वही माझ्याकडे आहे.

दिवाळीआधी वाचनालयाची भिंत रंगवली. पेन्सिल पुसली नव्हती, त्यामुळे पहिल्या हाताखालून नावं दिसत राहिली. रंगारी म्हणाला, दुसरा हात मारावा लागेल. ग्रंथपालबाईंनी विचारलं, दाराशेजारची तेवढी वीतभर जागा सोडता येईल का? त्याने सोडली. त्या वीतभर जागेत आता खाली मुलांची चार नावं आहेत आणि त्यांच्यात अम्माचं. गुरुजींचं पूर्ण नाव रंगाखाली गेलं, याचं मला वाईट वाटलं. ते स्वतः येऊन बघून गेले. म्हणाले, "हरकत नाही, मी आहे अजून."

अब्बांच्या वहीत माझंही एक पान आहे. मी तेव्हा सातवीत होतो. आकडे आहेत, ते आता कशालाच लागू नाहीत. शेवटी शेरा आहे, 'दोन इंच माया ठेवणे'. कोणाचंही माप घेताना, मग ते टेपने असो की रकान्याने, एवढी माया आपण ठेवू शकलो तर पुष्कळ झालं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)